सोपाऱ्याचा स्तूप : दर्शनाबरोबर देखभालही हवी

आपल्या समाजात धम्मसहलीचा विषय निघाला की कार्ले, कान्हेरी, अजिंठा, वेरूळ ही नावे लगेच पुढे येतात. ज्याची ऐपत असेल तो बुद्धगया, सारनाथ, कुशीनगर करून येतो आणि वर्षभर त्याच्या गोष्टी सांगतो. ते योग्यच आहे. पण मुंबईच्या लोकलगाडीत बसून, रिटर्न तिकिटात, सकाळी निघून संध्याकाळच्या स्वयंपाकाला घरी परतता येईल इतक्या जवळ एक प्राचीन स्तूप आहे. त्याचे नाव आपल्यापैकी बऱ्याच जणांनी ऐकलेले असते, पाय मात्र तिकडे वळलेले नसतात. तो स्तूप म्हणजे नालासोपारा येथील सोपाऱ्याचा स्तूप. गेल्या हिवाळ्यात एका रविवारी आमच्या मंडळातर्फे आम्ही चाळीस जण तेथे जाऊन आलो. काय पाहिले आणि तेथून काय काम डोक्यात घेऊन परतलो, ते सर्व धम्मबांधवांपुढे ठेवावे म्हणून हा लेखनप्रपंच.

आमच्यात गिरणीतून सक्तीने घरी बसवले गेलेले काका होते, घरकाम करणाऱ्या भगिनी होत्या, गवंडीकाम करणारे दोघे होते, कॉलेजात जाणाऱ्या मुली होत्या आणि खिडकीसाठी भांडणारी बारकी पोरे तर होतीच. विरार लोकलची गर्दी काय असते हे पश्चिम रेल्वेवाल्यांना सांगायला नको. रविवार असूनही बसायला जागा अंधेरीच्या पुढेच मिळाली. भाईंदर गेले, खाडीचा पूल लागला, दोन्ही बाजूंना पाणी दिसले, तशी मुले ओरडू लागली. एका आजींनी विचारले, "समुद्र आला का रे?" आम्ही म्हटले, "आजी, ही खाडी. समुद्र तिकडे पश्चिमेला. पण आपण चाललोय ते एके काळचे बंदरच आहे."

जहाजांचे सोपारे

आज नालासोपारा स्टेशनवर उतरले की दिसते ती माणसांची, रिक्षांची आणि इमारतींची दाटी. येथे जहाजे लागत होती असे सांगितले तर नवा माणूस हसेल. पण दोन हजार वर्षांपूर्वी सोपारे हे पश्चिम किनाऱ्यावरील नामांकित बंदर होते. संस्कृत ग्रंथांत याला शूर्पारक म्हटले आहे, पाली ग्रंथांत सुप्पारक. पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक दर्यावर्दीने व्यापाऱ्यांसाठी लिहिलेल्या 'पेरिप्लस' या पुस्तकात किनाऱ्यावरच्या बाजारपेठांत सुप्पाराचे नाव आहे. टॉलेमीच्या भूगोलातही आहे. नाशिकच्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा जो शिलालेख आहे, त्यात त्याने शोर्पारग येथे प्रवाशांसाठी निवाऱ्याची सोय केल्याची नोंद आहे. म्हणजे बाहेरगावच्या माणसाला उतरायला जागा लागावी इतकी येथे ये-जा होती.

बंदर म्हटले की माल आला आणि मालाबरोबर माणसे आली, विचार आले. येथून घाटावर जाणाऱ्या वाटांवर लेणी आहेत, हा काही योगायोग नव्हे. व्यापारी, कारागीर, भिक्खू यांची वाट एकच होती. कार्ल्याच्या चैत्यगृहातील एका खांबावर सोपाऱ्याहून आलेल्या भिक्खूच्या दानाची नोंद कोरलेली आहे. कार्ल्याचा खांब पाहून आपण माना वर करतो, पण तो देणारा कुठून आला होता हे कोणी सांगत नाही.

मग हे बंदर गेले कुठे? ते कोणी लुटून नेले नाही. खाडीत वर्षानुवर्षे गाळ भरत गेला, पाण्याची खोली कमी झाली, मोठी गलबते आत येईनाशी झाली. जहाज येईना तसा व्यापारी हलला. व्यापारी हलला तसे दान आटले आणि दान आटले तसे विहार ओस पडले. पुढे वसईला महत्त्व आले. 1534 मध्ये वसई पोर्तुगीजांकडे गेली, 1739 मध्ये मराठ्यांनी ती जिंकली. वसईचा किल्ला सर्वांच्या तोंडी राहिला आणि त्याच्या शेजारचे सोपारे मातीखाली गेले.

दासीपुत्र पूर्ण

या गावाचे नाव धम्माच्या इतिहासात ज्याच्यामुळे उजळले तो पुन्न, म्हणजेच पूर्ण. 'दिव्यावदान' या बौद्ध संस्कृत ग्रंथात त्याची कथा येते. शूर्पारकात भव नावाचा धनिक गृहस्थ होता. त्याच्या दासीच्या पोटी पूर्णाचा जन्म झाला. बाप गेल्यावर सावत्र भावांत वाटण्या झाल्या. त्यात दासीच्या मुलाला वाटा कसला? उलट त्यालाच वाटून घ्यायच्या वस्तूंत धरले! त्या मुलाने स्वतःच्या हुशारीने चंदनाच्या व्यापारात पैसा मिळवला, समुद्रप्रवास केले आणि शेवटी जहाजावरच्या व्यापाऱ्यांच्या तोंडून बुद्धवचने ऐकून सर्व सोडून तथागतांकडे गेला. पुढे याच गावी भगवंतांसाठी चंदनाचा प्रासाद उभारला गेला आणि भगवंत स्वतः येथे आले, असे ही कथा सांगते.

पाली 'मज्झिम निकाया'तील पुन्नाचा संवाद तर प्रसिद्धच आहे. तो सुनापरंत प्रांतात धम्मप्रचारासाठी जायला निघाला तेव्हा भगवंतांनी त्याची परीक्षा घेतली. तेथील लोक तापट आहेत, शिव्या देतील, मग काय करशील? पुन्न म्हणाला, हाताने मारत नाहीत म्हणून त्यांना चांगलेच म्हणेन. हाताने मारले तर? ढेकळांनी मारत नाहीत म्हणून चांगले म्हणेन. असे करत करत प्रश्न काठीवर आला, शस्त्रावर आला, जीव घेण्यावर आला. पुन्नाची शांती ढळली नाही. तेव्हा भगवंतांनी त्याला जाण्याची अनुमती दिली.

ही कथा आम्ही स्तूपाच्या आवारात झाडाखाली बसून सांगितली तेव्हा घरकाम करणाऱ्या एक भगिनी हळूच म्हणाल्या, "दासीचा मुलगा म्हणजे आमचाच की हो!" त्यावर कोणी काही बोलले नाही. बोलण्यासारखे त्यांनीच बोलून टाकले होते.

बुरूड राजाचा कोट

स्टेशनच्या पश्चिमेला रिक्षा करून स्तूपाकडे जाता येते. रिक्षावाल्याला 'बौद्ध स्तूप' म्हटले की आता कळते. पण गावातल्या जुन्या माणसांच्या तोंडी या टेकाडाचे नाव होते 'बुरूड राजाचा कोट'. शेकडो वर्षे येथे स्तूप आहे हे कोणाला ठाऊक नव्हते. मातीचे मोठे टेकाड, त्यावर झाडेझुडपे, आणि लोक म्हणत, येथे बुरूड राजाचा किल्ला होता.

हे नाव ऐकून आम्ही थबकलो. बुरूड म्हणजे बांबूच्या टोपल्या, सुपे, रोवळ्या विणणारा आपलाच कष्टकरी भाऊ. शूर्पारक या नावातील शूर्प म्हणजे सूप, आणि सूप विणतो तो बुरूड. यात काही धागा आहे की नाही ते पंडितांनी शोधावे. आम्हांस एवढेच वाटले की ज्या समाजाला गावाने पाटीसुद्धा दुरून घ्यायला लावली, त्याचा राजा होता ही आठवण मात्र गावाने टेकाडाच्या नावात जपून ठेवली होती.

हे टेकाड उघडण्याचे श्रेय पंडित भगवानलाल इंद्रजी यांना जाते. जुनागढचा हा माणूस. विद्यापीठाची पदवी नाही, पण जुनी नाणी आणि ब्राह्मी लेख वाचण्यात त्यांचा हात धरणारा त्या काळी विरळा. डॉ. भाऊ दाजी लाड यांच्याकडे त्यांनी वर्षानुवर्षे काम केले. 1882 च्या एप्रिल महिन्यात त्यांनी हा 'कोट' खोदायला घेतला. मजुरांनी माती उपसत नेली आणि टेकाडाच्या मध्यभागी विटांची कोठी लागली. त्या कोठीत दगडाचा मोठा गोल करंडक होता. झाकण उचलले तेव्हा आत ब्राँझच्या आठ मूर्ती वर्तुळात मांडलेल्या होत्या. सात मानुषी बुद्ध आणि आठवे मैत्रेय. मध्ये तांब्याचा करंडक. त्याच्या आत चांदीचा, त्याच्या आत दगडाचा, त्याच्या आत स्फटिकाचा आणि सर्वांत आत सोन्याचा! सोन्याच्या त्या करंडकात होते काय? हिरे नाहीत, माणके नाहीत. एका मातीच्या भिक्षापात्राचे तुकडे होते. सोबत सोन्याची फुले होती. यज्ञश्री सातकर्णी या सातवाहन राजाचे चांदीचे नाणेही त्यात मिळाले.

तथागतांचे भिक्षापात्र समजून ते तुकडे श्रद्धेने जपले होते, असे मानले जाते. सोने बाहेर आणि माती आत. मौल्यवान काय आहे याविषयी त्या काळच्या उपासकांच्या मनात गोंधळ नव्हता.

आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. नाणे आहे दुसऱ्या शतकाच्या अखेरच्या सुमाराचे. मूर्ती मात्र आठव्या-नवव्या शतकाच्या मानल्या जातात. याचा अर्थ असा लावतात की स्तूप बांधून झाल्यावर कित्येक शतकांनी येथील बौद्धांनी तो पुन्हा उघडला, दुरुस्त केला, नव्या मूर्ती ठेवल्या आणि परत बंद केला. म्हणजे जीर्णोद्धार ही आज कोणी सुचवलेली टूम नव्हे. आपल्या पूर्वजांनी याच स्तूपावर ते काम केलेले आहे.

हे सर्व अवशेष मुंबईच्या टाऊन हॉलमधील एशियाटिक सोसायटीच्या ताब्यात आहेत. 1882 साली भगवानलाल येथे खोदत होते आणि त्यानंतर नऊ वर्षांनी, 14 एप्रिल 1891 रोजी महू येथे बाबासाहेबांचा जन्म झाला. जमिनीखालचा बुद्ध आधी वर आला आणि माणसांच्या मनातला बुद्ध वर आणणारा मागोमाग आला, असे आमच्यातील एक काका म्हणाले. इतिहासकार असे बोलणार नाहीत, पण आम्हांला ते आवडले.

अशोकाची धम्मयात्रा

त्याच 1882 साली भगवानलालांना गावातील भातेला तलावाजवळ एक लेख कोरलेला दगडाचा तुकडा मिळाला. तो सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा भाग निघाला. पुढे 1956 मध्ये जवळच्या भुईगाव येथे नवव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. 1956! ज्या वर्षी 14 ऑक्टोबरला नागपुरात बाबासाहेबांनी आपल्याला धम्म दिला, त्याच वर्षी अशोकाचा दगड मातीतून वर आला. सोपाऱ्याचा अशोकलेख आता मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे.

या लेखांत लिहिले काय आहे, हे आपल्या मुलांना ठाऊक असले पाहिजे. आठव्या लेखात अशोक सांगतो की पूर्वीचे राजे मौजेसाठी, शिकारीसाठी यात्रा काढीत. आपण मात्र राज्याभिषेकाला दहा वर्षे झाल्यावर संबोधीला, म्हणजे बोधगयेला गेलो आणि तेव्हापासून धम्मयात्रा सुरू झाली. या यात्रेत श्रमण-ब्राह्मणांची भेट व त्यांना दान, वृद्धांची भेट व त्यांना मदत, खेड्यापाड्यांतील लोकांना भेटणे, धम्माविषयी बोलणे आणि विचारपूस करणे, हे करायचे असते. आमची सहल मौजेची की धम्माची, याचे मोजमाप सोपाऱ्याच्या दगडानेच घालून दिलेले आहे.

नववा लेख मंगलकार्यांविषयी आहे. आजारपण, लग्न, मुलाचा जन्म, प्रवास अशा वेळी लोक नाना विधी करतात आणि त्यांतले पुष्कळसे निरर्थक असतात, असे तो स्पष्ट म्हणतो. खरे मंगल कोणते? दास आणि नोकर यांच्याशी नीट वागणे, गुरुजनांचा आदर, प्राण्यांविषयी संयम, श्रमण-ब्राह्मणांना दान. हे वाचून दाखवले तेव्हा सर्वांत जोरात टाळी भगिनींनी वाजवली. ज्या घरांत त्या भांडी घासतात त्या घरांतही हा लेख वाचून दाखवावा, असे एकीने सुचवले.

आजची स्थिती

आता मूळ मुद्द्याकडे येतो. स्तूप आज आहे तो विटांचा गोलाकार उंचवटा. वरचा घुमट नाही, हर्मिका नाही, छत्री नाही. भोवती लहान स्तूपांचे अवशेष दिसतात. 1939-40 मध्ये पुरातत्त्व खात्याने येथे पुन्हा उत्खनन केले होते. वास्तू केंद्र शासनाच्या संरक्षणाखाली आहे. कुंपण आहे, झाडे आहेत, आवारात शांतता आहे. कुंपणापलीकडे मात्र वस्ती वाढतच चालली आहे.

आमच्यातील गवंडीकाम करणाऱ्या काकांनी आयुष्यभर विटा हाताळल्या आहेत. ते वाकून, हात न लावता, कितीतरी वेळ एकेक थर पाहत होते. मग त्यांनी मुलांना बोलावले आणि समजावून सांगितले. ते जसेच्या तसे येथे देतो, कारण पुस्तकी भाषेपेक्षा ते सोपे आहे.

"ही वीट पाणी पिते. पावसाचं वरून पिते, जमिनीचं खालून पिते. आपला मुलूख समुद्राकाठचा, त्यामुळे हवेत खार, पाण्यात खार. पाणी उन्हानं उडून जातं, खार विटेतच राहतो आणि फुगतो. मग विटेचं तोंड पापुद्र्यासारखं सुटतं. याला लोणा लागणं म्हणतात. आपल्या चाळीच्या भिंतीला लागतो, तोच हा."

एका मुलाने विचारले, "मग काका, सिमेंट लावून टाकलं तर?"

"तिथंच तर घोळ आहे! सिमेंट कडक आणि घट्ट. त्याच्यातून पाणी बाहेर येत नाही. मग ते कुठून निघणार? मऊ विटेतून. खारही तिथंच साठणार. चार-पाच पावसाळ्यांनी बघ, सिमेंटचे सांधे तसेच उभे आणि मधली वीट खाऊन गेलेली. जुन्या कामाला चुनाच पाहिजे. चुना विटेसारखाच श्वास घेतो आणि झिजायची वेळ आली तर आधी स्वतः झिजतो, विटेला राखतो."

दुसरा शत्रू म्हणजे मुळे. आपल्याला पिंपळ प्रिय, तो बोधिवृक्ष. पण पक्ष्याने टाकलेले पिंपळाचे बी विटांच्या फटीत रुजले की त्याचे मूळ पहार घातल्यासारखे थर उचकटते. रोप कोवळे असतानाच काढावे लागते. मूळ जाड झाल्यावर ओढले तर विटाही त्याच्याबरोबर निघतात. तेव्हा ते कापून, वाळवून, मारावे लागते आणि हे काम जाणकारांचे आहे. बोधिवृक्ष अवश्य लावावा, पण स्तूपापासून दूर.

तिसरा शत्रू सांगताना जीभ अडखळते, पण सांगितलेच पाहिजे. तो म्हणजे आपली श्रद्धा. मेणबत्ती थेट विटेवर लावली की मेण विटेच्या रंध्रांत उतरते. ते पुन्हा निघत नाही. धुराने वीट काळी पडते. कोणी नाव लिहितो, कोणी रंग लावतो, कोणी आठवण म्हणून विटेचा तुकडा खिशात घालतो. आमच्यातल्याच एका मुलाने असा तुकडा उचलला होता. आजींनी त्याचा हात धरला. त्या म्हणाल्या, "बाळा, आपण चाळीस जण आलोय. प्रत्येकानं एक नेला तर पुढच्या चाळिसांनी काय बघायचं?" मुलाने तुकडा होता तेथेच ठेवला. आम्ही पत्र्याच्या ताटात वाळू घालून नेली होती. मेणबत्त्या, अगरबत्त्या स्तूपापासून दूर त्या ताटातच लावल्या, त्रिशरण-पंचशील घेतले आणि जाताना ताट बरोबर घेऊन आलो.

नवे बांधायचे की जुने राखायचे?

डबे उघडले तेव्हा चर्चेला रंग चढला. भाकरी, सुकट, वांग्याचे भरीत आणि लोणचे यांच्याबरोबर वादही चविष्ट झाला. तरुणांचे म्हणणे, येथे भव्य स्तूप बांधावा, लांबून दिसला पाहिजे. समाज वर्गणी देईल. त्यांची तळमळ खोटी नाही. इतके मोठे स्थान आणि समोर विटांचा ढीग, हे पाहून कोणाचेही मन खट्टू होते.

पण जीर्णोद्धार म्हणजे नवे बांधकाम नव्हे. सांचीचे उदाहरण घ्या. 1818 मध्ये सांचीचा स्तूप पुन्हा जगापुढे आला. 1822 मध्ये खजिन्याच्या आशेने तो खोदून त्याची नासधूस झाली. पुढे साठ वर्षे तो तसाच होता. 1881 पासून पडलेली तोरणे उभी करण्याचे काम सुरू झाले आणि 1912 ते 1919 या काळात सर जॉन मार्शल यांनी झाडी काढली, पाण्याचा निचरा केला, पडलेले दगड त्यांच्या मूळ जागी बसवले. आज आपण जी सांची पाहतो ती या धीराच्या कामामुळे. जे मूळ आहे ते राखायचे, जे पडले आहे आणि ज्याची जागा नक्की ठाऊक आहे ते उभे करायचे, जे ठाऊक नाही ते मनाने रचायचे नाही. सोपाऱ्याच्या घुमटाचा नेमका आकार आपण कल्पनेने ठरवून त्यावर नव्या विटा चढवल्या, तर स्तूप उंच होईल, पण तो भगवानलालांनी उघडलेला स्तूप राहणार नाही. शिवाय आपला इतिहास नाकारणाऱ्यांना आयते बोलायला मिळेल की हे तर काल-परवा बांधलेले आहे! या जुन्या विटा हा आपला पुरावा आहे. पुराव्यावर गिलावा करीत नाहीत.

कायदाही हेच सांगतो. 1958 च्या प्राचीन स्मारक कायद्याप्रमाणे संरक्षित वास्तूला परवानगीशिवाय हात लावणे गुन्हा आहे. 2010 च्या दुरुस्तीनंतर अशा वास्तूच्या हद्दीपासून 100 मीटरपर्यंत नव्या बांधकामास मनाई आहे आणि त्यापुढील 200 मीटरपर्यंत परवानगी लागते. हा कायदा आपल्या आड येत नाही. उद्या कोणी कुंपणाला खेटून इमारत उठवू लागला तर हाच कायदा आपल्या हातात असेल.

दुसरा वाद अवशेषांचा. करंडक आणि मूर्ती मुंबईत का, त्या सोपाऱ्याला परत का आणू नयेत? सांचीच्या परिसरातून इंग्लंडला नेलेल्या सारिपुत्त-मोग्गल्लान यांच्या अस्थी परत आल्या आणि 1952 मध्ये सांचीलाच नव्या विहारात ठेवल्या गेल्या, हे खरे आहे. पण त्यासाठी तेथे आधी सुरक्षित जागा उभी राहिली. सोपाऱ्यात आज तशी जागा नाही. तेव्हा पहिली मागणी छोट्या वस्तुसंग्रहालयाची आणि तोपर्यंत निदान त्या आठ मूर्तींची, करंडकांची व अशोकलेखाची मोठी छायाचित्रे अर्थासहित स्तूपाजवळ लावण्याची असावी, यावर सर्वांचे एकमत झाले.

आपण काय करू शकतो?

भाषणे करून स्तूपाची एक वीटही वाचणार नाही. म्हणून आमच्या मंडळाने ठरवलेल्या काही गोष्टी येथे देतो. इतर मंडळांनीही त्यांवर विचार करावा.

पहिली गोष्ट, वर्षातून निदान दोनदा जायचे. एकदा पावसाळ्याच्या आधी आणि एकदा नंतर. दर वेळी त्याच चार ठिकाणी उभे राहून फोटो काढायचे व खाली तारीख लिहून ठेवायची. कुठे पाणी तुंबते, कुठे रोप उगवले, कोणती वीट सुटली हे अशा फोटोंवरून कळते. मोबाइल आता घरोघरी आहे, याला खर्च नाही.

दुसरी गोष्ट, कागद. कचेरीत आयुष्य गेल्यामुळे एवढे खात्रीने सांगतो की तोंडी तक्रार वाऱ्यावर जाते. अर्ज एका पानाचा असावा. जागा, तारीख, काय दिसले आणि काय हवे, एवढेच लिहावे. सोबत फोटो जोडावा. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. महिन्याने स्मरणपत्र द्यावे आणि त्यात मागच्या पत्राचा क्रमांक टाकावा. देखभालीवर काय काम झाले हे 2005 च्या माहिती अधिकार कायद्याखाली दहा रुपयांच्या अर्जावर विचारता येते. शिवीगाळ, धमकीची भाषा नको. पुन्नाचे गाव आहे ते.

तिसरी गोष्ट, हाताने करायचे काम परवानगी घेऊनच करायचे. कागद-प्लॅस्टिक वेचणे, आवार झाडणे यासाठी तेथील कर्मचाऱ्यांना विचारून मदत करावी. विटांना, मुळांना, सांध्यांना मात्र हात लावू नये. ते काम तज्ज्ञांचे.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे गावकऱ्यांशी नाते. स्तूपाजवळ राहणारा माणूस रोज तेथे असतो, आपण वर्षातून दोनदा. वसई-विरारच्या या पट्ट्यात आगरी, कोळी, भंडारी, ख्रिस्ती, मुसलमान, आदिवासी असे सर्व बांधव नांदतात. चक्रेश्वर तलावाजवळ जुन्या शिल्पांचे अवशेष आहेत, त्यांकडे गावातील लोक जिव्हाळ्याने पाहतात. स्तूप फक्त आपला, असे म्हणून आपण त्यांना दूर लोटू नये. त्यांच्या गावाचे नाव दोन हजार वर्षांपूर्वी सातासमुद्रापार ठाऊक होते, हे त्यांना सांगावे. ज्याला अभिमान वाटतो तो राखण करतो.

परतीच्या आधी मुलांचा हट्ट म्हणून आम्ही कळंबच्या किनाऱ्यावर गेलो. ओहोटी लागली होती. पाणी दूर गेले होते आणि ओल्या वाळूत मुले स्तूप करू लागली. एकाने पोकळी केली, दुसऱ्याने शिंपले आणून आत आठ दिशांना मांडले. मध्ये काय ठेवायचे यावर बराच खल झाला. शेवटी एका मुलीने मातीच्या पणतीचा फुटका तुकडा कोठून तरी आणला आणि तो मध्ये ठेवला. सकाळी सांगितलेले पोरांनी ऐकले होते तर!

सम्राट अशोकाला हत्ती-घोडे होते, उषवदाताकडे राजाची तिजोरी होती. आपल्याकडे लोकलचा पास, रविवारची सुट्टी आणि दोन हात आहेत. आठव्या-नवव्या शतकात ज्या उपासकांनी हा स्तूप उघडून पुन्हा नीट केला, त्यांची नावेसुद्धा कोठे कोरलेली नाहीत. आपल्या नावाची पाटीही लागणार नाही. पण पुढच्या पावसाळ्याआधी एका तरी मंडळाने तेथे जाऊन चार फोटो आणि एक अर्ज एवढे केले, तरी हा लेख लिहिल्याचे सार्थक होईल. आमच्या मंडळाचा अर्ज गेला आहे. मराठीतील माहितीफलक आणि पावसाच्या पाण्याचा निचरा, या दोन मागण्या त्यात आहेत. आवक क्रमांक आमच्या वहीत लिहिलेला आहे. महिना भरला की स्मरणपत्र जाईल.

नमो बुद्धाय! जयभीम!